मोटारीत बसून वाट पाहणारे

पायी चालणाऱ्याचे कौतुक सगळे जग करते. त्याचे फोटो निघतात, सत्कार होतात, गळ्यात हार पडतात. पण त्याच्यासाठी डोंगराच्या खिंडीत मोटार उभी करून, मांडीवर थर्मास आणि शेजारी कोरड्या मोज्यांची जोडी घेऊन चार-चार तास बसून राहणारे जे माणूस असते, त्याची दखल कोणी घेत नाही. ते माणूस बहुधा बायको असते. कधी नवरा, कधी आई, कधी नुकताच पेन्शनीत निघालेला बाप. यंदाच्या दिवाळीत या सदराची पाने त्यांना द्यावीत असे मनात आहे.

चालणारा कोण आणि खिंड कुठली, हे आधी सांगितले पाहिजे. अमेरिकेच्या पूर्व अंगाला अ‍ॅपलेशियन नावाची एक जुनी, झिजलेली डोंगररांग आहे. तिच्या पाठीवरून, दक्षिणेत जॉर्जिया राज्यातल्या स्प्रिंगर डोंगरापासून उत्तरेत मेन राज्यातल्या कटाडिन शिखरापर्यंत, चौदा राज्ये ओलांडीत एक पायवाट गेली आहे. लांबी सुमारे २,१९० मैल. म्हणजे साडेतीन हजार किलोमीटरांच्या घरात. बेंटन मॅकाय नावाच्या गृहस्थांनी १९२१ साली वास्तुशास्त्रज्ञांच्या एका मासिकात या वाटेची कल्पना मांडली आणि १९३७ साली ती अखंड झाली. गंमत अशी की, मॅकायसाहेबांच्या डोक्यात ती एका दमात चालून जाण्याची वाट नव्हतीच. शहरातल्या गिरणी-कारखान्यांत पिचलेल्या माणसाने चार दिवस डोंगरात येऊन मोकळा श्वास घ्यावा, एवढाच त्यांचा हेतू. पण माणसाचा स्वभाव! रस्ता दिसला की त्याचे दुसरे टोक गाठल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. १९४८ साली अर्ल शेफर नावाचा, महायुद्धाहून परतलेला एक तरुण सबंध वाट एकट्याने चालून गेला आणि तेव्हापासून हे वेड लागले ते लागलेच. आज दरवर्षी काही हजार माणसे पाच ते सात महिन्यांची सवड काढून निघतात. चारांतला एखादाच पोचतो.

आपल्याकडच्या कित्येक घरांतली लेकरे आता न्यू जर्सीला असतात आणि आईबाप सहा-सहा महिने तिकडे नातवंडे सांभाळायला जातात. त्यांच्या माहितीसाठी म्हणून सांगतो, ही वाट त्या राज्यातूनही सत्तर मैलांहून अधिक जाते. झाडांच्या बुंध्यांवर दोन इंच रुंद आणि सहा इंच उंच असा पांढरा पट्टा दिसला, तर समजावे की हीच ती. तेव्हा उद्या एखाद्या सुनेने किंवा नातवाने जेवणाच्या टेबलावर "मी ही वाट चालणार आहे, तुम्ही मोटार घेऊन याल का?" असे विचारले, तर दचकू नये. पण 'हो' म्हणण्यापूर्वी पहिल्या काही आठवड्यांत काय होते, ते मात्र समजून घ्यावे.

पुष्कळांना वाटते की कठीण भाग शेवटी असेल. भूगोलाच्या दृष्टीने ते खरेही आहे. न्यू हॅम्पशर आणि मेनमधले खडक भल्याभल्यांना रडवतात. पण वाट सोडून घरी जाणाऱ्यांतले पुष्कळसे त्या खडकांचे तोंडदेखील पाहत नाहीत. ते जॉर्जियातूनच परततात. जॉर्जियातला टप्पा अवघा ७८ मैलांचा. आणि तोच चाळणी लावतो.

सुरुवातच मोठी विनोदी आहे. स्प्रिंगरच्या माथ्यावर मोटार जात नाही. एक रस्ता अ‍ॅमिकलोला धबधब्यापासून चढतो. धबधब्याच्या अंगाने ६०४ पायऱ्या, पुढे आठ-साडेआठ मैलांचा डोंगर आणि मग कुठे आरंभाचा दगड. ही सारी पायपीट त्या २,१९० मैलांत धरली जात नाही! दुसरा मार्ग जंगलखात्याच्या कच्च्या सडकेचा. ती माथ्यापासून मैलभर उत्तरेला एका वाहनतळाशी येते. तिथे उतरून आधी उलट्या दिशेने, दक्षिणेला, माथ्यावर जायचे, तिथल्या पितळी पाटीला हात लावायचा आणि आल्या वाटेने परत खाली वाहनतळावर यायचे. घरची मंडळी तिथेच उभी असतात. तासापूर्वी गळ्यात पडून, डोळे पुसून निरोप दिलेला असतो. आता पुन्हा काय करावे हे कोणालाच समजत नाही. दोन मैल चालून हिशेबात एकच मैल जमा.

त्यानंतरचा शत्रू पाठीवर असतो. घरून निघताना सॅक भरण्याचे काम बहुधा सगळे घर मिळून करते आणि तिथेच घात होतो. आई म्हणते, एक स्वेटर जादा असू दे. बाप म्हणतो, कुऱ्हाड नको पण निदान मोठा चाकू तरी घे. धाकटी बहीण जाड पुस्तक भेट देते, आणि ते नाही कसे म्हणायचे? असे करता करता पंधरा किलोंची सॅक वीस किलोंची होते. पाणी तर निराळेच. एका लिटरला एक किलो, त्यात सवलत नाही. घरच्यांनी दिलेली माया चालणाऱ्याच्या खांद्याला अशी काचत राहते आणि ती फेकूनही देववत नाही.

एकतिसाव्या मैलावर, ब्लड माउंटनचा माथा उतरून आले की, नील गॅप नावाची खिंड लागते. तिथे गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात बांधलेली एक दगडी इमारत आहे आणि पायवाट चक्क त्या इमारतीच्या मधल्या बोळातून जाते. आत डोंगरी सामानाचे दुकान आहे. दुकानातली अनुभवी माणसे मागितल्यास तुमची सॅक जमिनीवर ओततात आणि एकेक वस्तू उचलून विचारतात: हे कशाला? हे? आणि हे? तासाभरात मोठे खोके भरते आणि टपालाने घरी जाते. आईचा स्वेटर, वडिलांचा चाकू, बहिणीचे पुस्तक. बाहेर एक झाड होते, त्याच्या फांद्यांवर जुने बूट लोंबकळत असत. काही नवे घेऊन पुढे गेलेल्यांचे. काही, इथूनच घरी गेलेल्यांचे, असे सांगतात.

शरीराचे म्हणाल तर पायांपासून सुरुवात करावी. रोज आठ-दहा तास ओझ्यासकट चालले की पाऊल सुजते, पसरते. कित्येकांना पुढे एक माप मोठे बूट घ्यावे लागतात. नेमक्या मापाचे, नवे कोरे, महागडे बूट घेऊन निघालेल्याला चौथ्या दिवशी टाचेवर फोड येतो आणि सहाव्या दिवशी अंगठ्याचे नख काळे पडते. चढाला छातीचा भाता चालतो, तो आठवड्याभरात सुधारतो. उताराचे गुडघे मात्र आठवड्यात सुधारत नाहीत. उत्साही तरुण पहिल्याच दिवशी पंधरा मैल मारतात आणि पाचव्या दिवशी नडगी धरून बसतात. जाणते सांगतात, पहिला आठवडा रोज आठ मैल पुरेत. पण जाणत्यांचे ऐकायचे तर घरातून निघायचेच कशाला, असा या वयाचा बाणा.

त्यातून बहुतेक जण मार्च-एप्रिलात निघतात, कारण ऑक्टोबरच्या मध्यानंतर कटाडिनवर हिवाळा उतरतो. जॉर्जिया म्हणजे दक्षिण, म्हणजे ऊब, अशी समजूत करून घेतलेला माणूस मार्चमध्ये साडेतीन-चार हजार फुटांवर बर्फात सापडतो. बर्फाहून वाईट तो पाऊस. शून्याच्या जरा वर असलेला, तीन-तीन दिवस न थांबणारा. सुती कपडा एकदा भिजला की वाळत नाही आणि अंगातली ऊब शोषून घेतो. मुक्कामाला तीन भिंतींची, समोरून उघडी अशी लाकडी पडवी. ती दाटीवाटीने भरलेली. आणि अशा दाटीत एकाला उलट्या-जुलाबाची साथ लागली की पाठोपाठ दहा जण आडवे. या रोगाच्या विषाणूला ते हाताला चोळायचे अल्कोहोलचे औषध नीटसे मारत नाही. साबण-पाण्याने हात धुवावे लागतात. आपल्या आज्या चुलीपाशी येण्याआधी हातपाय धुवायला लावीत, ते आठवते.

आता येऊ मोटारीकडे.

कागदावर हा बेत फार सुखाचा दिसतो. नवरा चालतो, बायको मोटार हाकते. दिवसाअखेर रस्ता ओलांडायच्या ठिकाणी दोघे भेटतात, गरम जेवण, कोरडा बिछाना, सकाळी पुन्हा कूच. जड सॅक मोटारीत, पाठीवर फक्त पाणी आणि खाऊ. नकाशावर ठिकाणेही नेमकी दिलेली: विसाव्या मैलाच्या सुमारास वूडी गॅप, एकतिसाव्यावर नील गॅप, बावन्नाव्यावर युनिकॉय गॅप. पण पहिल्याच आठवड्यात ध्यानात येते की पायवाटेचा आणि सडकेचा भूगोल निरनिराळा आहे. चालणारा डोंगराच्या धारेवरून सरळ जातो. मोटारीला मात्र पार खाली उतरून, दरीला वळसा घालून, पलीकडून चढावे लागते. फोन लागेलच असे नाही. आजकाल उपग्रहावरून चार शब्द पाठवणारी लहानशी यंत्रे निघाली आहेत, ती उपयोगी पडतात. पण "उशीर होईल" एवढ्या दोन शब्दांनी वाट पाहणाऱ्याचे समाधान होते असे ज्याला वाटते, त्याने कधी कोणाची वाट पाहिलेली नसावी.

चालणारा पाच वाजता येतो म्हणालेला असतो. मोटार चारला येऊन थांबते. पाच होतात, सहा होतात. धुके उतरते. झाडीतून दुसरेच कोणी येते. त्याला विचारावे, तर तो म्हणतो, हो, मागे कोणीतरी होते खरे. सातला अंधार. चालणाऱ्याला निदान समजत असते की आपण ठीक आहोत, फक्त गुडघा दुखतो म्हणून हळू चाललो आहोत. मोटारीतल्या माणसाला काहीच माहीत नसते, आणि करण्यासारखेही काही नसते. साडेसातला तो उगवतो, ओला, चिडलेला, भुकेला. आता बाई रागावणार की रडणार की कढत सूप पुढे करणार? पहिल्या आठवड्यात बहुधा तिन्ही एकदम होते.

शिवाय एक अडचण आहे, ती डोंगराच्या रचनेतूनच येते. सडक डोंगर ओलांडते ती नेहमी खिंडीतून, म्हणजे धारेच्या सखल जागेतून. तेव्हा मोटार भेटते ती खिंडीत आणि पुढची चाल सुरू होते ती चढाने. दर वेळी! रात्रभर उबेत झोपून, सकाळी घरच्या माणसाच्या हातचा चहा घेऊन, मोटारीचे दार लावले की समोर उभा चढ. तंबूत गारठून उठलेल्या एकट्याला चालल्याशिवाय गत्यंतर नसते. त्याला थांबायचे झाले तरी रस्त्यापर्यंत चालावेच लागते. मोटारवाल्याला मात्र फक्त दार पुन्हा उघडायचे असते. घरच्यांची सोबत हा आधार आहे आणि तोच मोहही आहे. दोन्ही एकाच गाडीत बसून येतात.

या दारापाशी काय होते याचे एक उदाहरण सर्वश्रुत आहे. जेनिफर फार डेव्हिस या बाई २०११ साली ही सबंध वाट विक्रमी वेळात पार करायला निघाल्या, उत्तरेकडून दक्षिणेकडे. मदतीला नवरा, ब्रू डेव्हिस. पेशाने शिक्षक, उन्हाळ्याची सुटी त्याने याच कामी घातलेली. दुसऱ्या आठवड्यातच बाईंच्या दोन्ही नडग्या दुखावल्या, न्यू हॅम्पशरच्या डोंगरात गारठवून टाकणाऱ्या गारपावसात त्या सापडल्या, वर पोट बिघडले. एका रस्त्यावर मोटारीपाशी येऊन त्यांनी सांगितले, झाले, मी थांबते. आता प्रेमळ नवऱ्याने काय करावे? आपल्याकडे तर "बस गाडीत, पुरे झाले हे वेड" असे म्हणणाराच प्रेमळ ठरेल. ब्रूसाहेबांनी ते केले नाही. थांबायचे असेल तर खुशाल थांब, पण या घटकेला नको. आधी काही खा, औषध घे, आणखी थोडे चाल, मग पाहू, असा त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ. बाई चालत्या झाल्या. ४६ दिवस, ११ तास आणि २० मिनिटांत त्या स्प्रिंगरला पोचल्या. दिवसाला सरासरी ४७ मैल! त्या वेळी एवढ्या वेळात ही वाट कोणी, पुरुषानेसुद्धा, पार केली नव्हती.

मला विक्रमाचे फारसे सोयरसुतक नाही. इतक्या घाईने डोंगर पाहायचा कशाला, असाच माझा पिंड. पण त्या रस्त्यावरचा तो क्षण मला मोठा वाटतो. बायको दुखण्याने वाकलेली, मोटारीचे दार हाताशी, आणि ते उघडायचे नाही, हे ठरवायचे. दुखणे धोक्याचे असते तर तेच दार न उघडणे क्रूरपणाचे ठरले असते. धोक्याचे दुखणे कोणते आणि निराशेचे कोणते, हे ओळखायला डॉक्टर जवळ नव्हता. नवरा होता, आणि त्याने तिला त्याआधी चालताना पाहिलेले होते. २००८ सालीही, लग्नानंतर लगेचच, ती याच वाटेवर वेगाने चालली होती आणि तेव्हाही मदतीला तोच होता. ही ओळख पहिल्या आठवड्यात नव्याने मोटार घेऊन आलेल्या माणसाजवळ नसते. म्हणून पहिल्या आठवड्यातले निर्णय अवघड.

पुढे २०१५ साली स्कॉट ज्युरेक या नामांकित धावपटूने बाईंचा विक्रम सव्वातीन तासांनी मोडला. साडेशेचाळीस दिवसांत सव्वातीन तास. म्हणजे किती बारीक फरक! त्यांचेही पहिल्याच आठवड्यात गुडघा आणि मांडीचा स्नायू असे दोन्ही पाय जायबंदी झाले होते. त्यांची गाडी हाकायला बायको, जेनी. या प्रवासावरचे पुस्तक दोघांनी मिळून लिहिले, एक प्रकरण त्याचे, एक तिचे. चालणाऱ्याच्या पुस्तकात वाट पाहणाऱ्याला निम्मी जागा मिळाली, ही मला विक्रमापेक्षा अपूर्वाईची गोष्ट वाटते. २०२४ साली टारा डाउअर या तरुणीने तर ४० दिवस आणि १८ तासांवर मजल नेली. तिच्या मदतनीसांत तिची आई होती.

पाठीवर सॅक न घेता, मोटारीच्या जिवावर चालणे हे खरे चालणे की खोटे, यावर तिकडे कडाक्याचे वाद होतात. आपल्याला त्याचे हसू येईल. आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर निघणाऱ्या दिंडीचा ट्रक पुढे जाऊन पाले ठोकतो, वारकऱ्याची वळकटी त्या ट्रकमध्येच असते. म्हणून त्याची वारी कमअस्सल झाली असे कोणी म्हणत नाही. पायांनी चालायचे ते पायांनीच चालले जाते.

आणि घरच्यांची सोबत नसली तर काय? एमा गेटवुड या ओहायोतल्या बाईंचे उदाहरण आहे. अकरा मुलांची आई, नवऱ्याच्या मारहाणीतून सुटलेली. एका मासिकात या वाटेवरचा लेख वाचला आणि १९५४ साली, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, मेनच्या टोकाकडून निघाल्या. रस्ता चुकला, चष्मा फुटला, वनरक्षकांनी शोधून काढून घरी जायला सांगितले. दुसऱ्या वर्षी ३ मे १९५५ रोजी त्या पुन्हा निघाल्या, या खेपेस दक्षिणेकडून. पायात साधे कापडी बूट, खांद्यावर हाताने शिवलेली पिशवी, पावसासाठी न्हाणीघराचा पडदा. मुलांना काय सांगितले? जरा फिरून येते! २५ सप्टेंबरला त्या कटाडिनच्या माथ्यावर होत्या. आई कुठे आहे हे मुलांना पुढे वर्तमानपत्रांतून आणि पत्रांतून समजले. पहिल्या खेपेच्या फजितीनंतर त्यांनी कोणाला विचारले असते, तर अकराच्या अकरा मुलांनी एकमुखाने काय सांगितले असते, ते आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे.

मोटार घेऊन जाणे सगळ्यांना जमत नाही. नोकरी असते, घरात लहान मूल असते. ती मंडळी खोकी पाठवतात. निघण्यापूर्वी दिवाणखान्यात वीस-पंचवीस खोकी मांडून त्यांत ओटचे पाकीट, सुके फळ, शेंगदाण्याचे लोणी, शेवया, मोजे, असे मोजून भरायचे आणि ठरल्या तारखेला एकेक खोके पुढच्या गावच्या टपाल कचेरीत रवाना करायचे. कचेरीवाले ते राखून ठेवतात. फक्त चालणारा शनिवारी दुपारनंतर पोचला, तर सोमवारपर्यंत त्याने त्या बंद दारासमोर उपाशी बसायचे. शिवाय खोके भरणाऱ्याचा अंदाज पहिल्या महिन्यातच चुकतो. आरंभी थकव्याने भूकच मरते, दिलेले निम्मे उरते. तीन आठवड्यांनी जी भूक उसळते ती दिवसाला चार-पाच हजार उष्मांक गिळूनही शमत नाही, तेव्हा तेच खोके दोन दिवसांत फस्त होते. आणि तोवर ओटचा असा काही वीट आलेला असतो की पत्र येते: बाकी काहीही पाठवा, पण ओट नको. घरी मात्र पुढच्या चार महिन्यांची पाकिटे भिंतीला लावून ठेवलेली असतात. ती टाकवत नाहीत. सकाळी न्याहारीला ओट, पोरांच्या डब्यात ओट. आणि पाहुणे आले तर त्यांनाही, साखर जरा जास्त घालून.